‘हवामान खातं सांगतं त्याच्या उलट होतं’: मुंबईच्या पावसावर फिरणाऱ्या मेसेजचा मुद्देसूद समाचार

मे महिना संपत आला की मुंबईकरांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक मेसेज फिरू लागतो. दरवर्षी शब्द थोडे बदलतात, पण मजकूर तोच असतो. पूर्वी ७ जूनला पाऊस हमखास यायचा, आता ऋतूच बिघडले. २६ जुलैला मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हवामान खात्याला पत्ताही नव्हता. खात्याने रेड अलर्ट दिला की ऊन पडते. त्यापेक्षा मोबाइलमधले ॲप बरे, ते पंधरा दिवस आधी सांगते. अमुक तारखेला ४.८ मीटरची भरती आहे, मुंबई बुडणार. १८८२ साली मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसे मेली, तसे पुन्हा होणार. मार्चमध्ये पूर्वी एवढी गरमी नव्हतीच. आणि शेवटी, एवढा पाऊस पडूनही पाणीकपात म्हणजे नक्कीच काहीतरी काळेबेरे आहे.

यातली काही विधाने अर्धी खरी आहेत, काहींचा पायाच चुकला आहे आणि एक तर निखालस बनावट आहे. सगळ्यांत एक खोड मात्र समान. पावसाबद्दल बोलताना तो कुठल्या मापकात पडला, कुठल्या चोवीस तासांत पडला आणि किती मिलिमीटर पडला, हे मेसेज सांगतच नाही. हे तीन तपशील नसतील तर अंदाज बरोबर आला की चुकला हे ठरवणार कसे?

‘पूर्वी ७ जूनला पाऊस यायचाच’

सात जून ही सूर्य मृग नक्षत्रात जाण्याची तारीख आहे, मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची नव्हे. काही वर्षी सात, काही वर्षी आठ. पेरणीच्या तयारीसाठी शेतकऱ्याने ही खूण शतकानुशतके वापरली आणि ती कामाची होती. पण नक्षत्रांचे हे गणित निरयन आहे, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले. त्यामुळे इंग्रजी कॅलेंडरात मृगाची तारीख साधारण ७०-७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. शिवकाळात हाच मृग आजच्यापेक्षा चार-पाच दिवस आधी लागत असणार. ऋतूंचे चक्र मात्र सायन वर्षाने, म्हणजे विषुवदिनांवर बेतलेल्या वर्षाने चालते. म्हणजे ‘मृगाचा पाऊस’ ही जोडी मुळातच कायमची बांधलेली नाही.

आता नोंदी पाहू. खात्याचे जुने वेळापत्रक १९०१ ते १९४० या काळातल्या नोंदींवर बेतलेले होते. त्यात मुंबईसाठी सर्वसाधारण तारीख होती १० जून. म्हणजे आजच्या आजोबांच्याही लहानपणी सरासरी सात तारखेची नव्हती. २०२० साली वेळापत्रक नव्याने बांधले. आगमनासाठी १९६१ ते २०१९ च्या नोंदी घेतल्या आणि मुंबईची तारीख झाली ११ जून. एवढ्या दशकांत फरक एका दिवसाचा.

सरासरीभोवतीचा चढउतार मात्र मोठा आहे आणि तो पूर्वीही होता. १९५६ साली मोसमी पाऊस २९ मे रोजीच मुंबईत पोहोचला होता. २०१९ मध्ये त्याने २५ जूनपर्यंत वाट पाहायला लावली. २०२३ मध्येही २५ जून, आणि त्याच दिवशी तो दिल्लीतही पोहोचला, जे त्याआधी १९६१ मध्ये घडले होते. २०२४ मध्ये ९ जून. २०२५ मध्ये २६ मे, म्हणजे १९५६ चाही विक्रम मोडला. लागोपाठच्या तीन वर्षांत एक महिन्याची तफावत! अशा गोष्टीसाठी ‘हमखास’ हा शब्द वापरणे धाडसाचे आहे.

सात जूनची आठवण एवढी पक्की का, याचे उत्तर वळवाच्या सरींत सापडते. मेअखेर आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत पाऊस पडतोच, पण तो बहुधा मोसमी नसतो. फरक ओळखणे अवघड नाही. वळीव दुपारनंतर किंवा संध्याकाळी येतो, पूर्वेकडून म्हणजे सह्याद्रीच्या बाजूने चढतो, आधी धुळीचा वारा, मग गडगडाट, तासाभरात मोकळे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच उकडणे. मोसमी पाऊस समुद्रावरून येतो. त्याला वेळकाळ नसतो, रात्री-पहाटे जास्त. वारा दिवसरात्र नैऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून टिकून राहतो आणि विजांचा कडकडाट पहिल्या दोन-चार दिवसांनंतर जवळजवळ थांबतो. खातेसुद्धा नुसता पाऊस पाहून आगमन जाहीर करत नाही. केरळसाठी तर लेखी निकष आहेत. १० मेनंतर ठरलेल्या १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के ठिकाणी लागोपाठ दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस हवा, शिवाय पश्चिमी वाऱ्यांची खोली आणि ढगांच्या आच्छादनाचे उपग्रही मोजमापही जुळायला हवे. पुढे उत्तरेकडे सरकतानाही वारा, ओलावा, ढग आणि पाऊस हे सगळे मिळून पाहिले जाते.

मेसेज इथे एका खऱ्या बदलाच्या अगदी जवळ येऊन चुकतो. वेळापत्रक बदलले आहे, पण मागच्या टोकाला. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची जुनी सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबर होती, नवी ८ ऑक्टोबर आहे. नऊ दिवसांचा फरक. नवरात्रात मांडव भिजतो तो याचमुळे. रंगकाम, गच्चीची जलरोधक दुरुस्ती किंवा खुल्या मैदानातला कार्यक्रम ठरवणाऱ्याने सात जूनपेक्षा ही तारीख जास्त लक्षात ठेवावी.

‘२६ जुलैला मुंबईत ९४४ मिलिमीटर पडला आणि कुणाला कळले नाही’

९४४ हा आकडा खरा आहे, ‘मुंबईत’ हा शब्द चुकीचा. २७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४.२ मिलिमीटर नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत ७३.४. दोन्हींत सरळ रेषेत जेमतेम २०-२५ किलोमीटरचे अंतर. कुलाब्याच्या माणसासाठी तो पावसाळ्यातला एक बरासा दिवस होता, कलिना-कुर्ल्याच्या माणसासाठी प्रलय.

उपनगरांतच जास्त पडतो असा निष्कर्षही काढू नये. ५ जुलै १९७४ ला कुलाब्यात ५७५.६ मिलिमीटर पडला होता, सांताक्रूझपेक्षा कितीतरी जास्त. ५ ऑगस्ट २०२० ला पुन्हा पारडे दक्षिणेकडे झुकले. कुलाबा ३३१.८, सांताक्रूझ १६२.३, आणि कुलाब्यात वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर. गिरगाव-मरीन ड्राइव्हची झाडे त्या दिवशी आडवी झाली.

असे का होते? किनाऱ्याला समांतर, गुजरातपासून केरळपर्यंत, समुद्रसपाटीवर कमी दाबाचा पट्टा तयार होतो. त्याला किनारपट्टीचा द्रोणीय पट्टा म्हणतात. तो सक्रिय असताना त्यात मधूनच लहान भोवरे बनतात. असा भोवरा किनाऱ्याच्या ज्या तुकड्यासमोर ठाण मांडेल तिथे समुद्रावरचा ओला वारा एकाच जागी येऊन मिळतो आणि ढगांवर ढग चढत राहतात. त्यात बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे क्षेत्र मध्य भारतापर्यंत आलेले असेल तर पश्चिमेचा वारा आणखी जोर धरतो. २००५ मध्ये सांताक्रूझला एका तासात १९० मिलिमीटर पडला होता. ढगफुटीसाठी सांगितला जाणारा निकष तासाला १०० आहे.

‘खात्याला कळले नाही’ यात तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवे. एवढा आकडा कुणीही वर्तवला नव्हता. तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हते. रडार म्हणजे समुद्रावरून येणाऱ्या सरींचे दर काही मिनिटांनी निघणारे चित्र. ते नसताना शेवटच्या तीन-चार तासांचा इशारा देणे म्हणजे डोळे बांधून रस्ता ओलांडणे. कुलाब्याचे रडार त्यानंतर आले, जोगेश्वरीजवळच्या वेरावलीचे २०२२ मध्ये. महापालिकेने विभागवार स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले तेही याच धक्क्यानंतर. २०२० पासून पुराचा अंदाज देणारी ‘आयफ्लोज-मुंबई’ ही यंत्रणाही आहे. २००५ च्या अपयशावरून आजच्या अंदाजाला नापास करायचे तर मधल्या या सगळ्या गोष्टी खोडाव्या लागतील.

‘रेड अलर्ट दिला की ऊन पडते’

सगळ्यात जास्त टाळ्या घेणारे हे वाक्य आहे, म्हणून त्यावर जरा वेळ घालवू.

आधी शब्दांचे माप. खात्याच्या भाषेत प्रत्येक विशेषणामागे आकडा असतो, चोवीस तासांचा, सकाळी साडेआठ ते सकाळी साडेआठ. २.५ ते १५.५ मिलिमीटर हलका. १५.६ ते ६४.४ मध्यम. ६४.५ ते ११५.५ जोरदार. ११५.६ ते २०४.४ अति जोरदार. त्यापुढे अत्यंत जोरदार. आपण ज्याला ‘काय धो-धो पडला’ म्हणतो तो पुष्कळदा अर्ध्या तासाचा ३० मिलिमीटर असतो आणि दिवसाअखेर ‘मध्यम’ या खणात बसतो. उलट रात्रभर रिपरिप होऊन ७० मिलिमीटर भरले तर खात्याच्या लेखी ‘जोरदार’ खरा ठरतो, आणि आपण सकाळी छत्री न उघडता स्टेशनवर जातो.

दुसरे माप जागेचे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातल्या केंद्रांपैकी पाव भागापर्यंत. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ पाऊणपर्यंत, ‘बहुतांश ठिकाणी’ त्याहून जास्त. ‘तुरळक ठिकाणी अति जोरदार’ या इशाऱ्याचा सरळ अर्थ असा की बहुतेकांना अति जोरदार पाऊस दिसणारच नाही. दादरला ऊन असताना मुलुंडला १३० मिलिमीटर पडला तरी तो अंदाज बरोबर आला.

रंगांचेही तसेच. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. हा सल्ला आधी आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेसाठी असतो, मग तुमच्या-आमच्यासाठी. रंग ठरवताना पाऊस किती पडेल याबरोबर तो पडण्याची शक्यता किती आणि परिणाम काय होईल हेही धरतात. इशारा जिल्ह्याला असतो. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड वेगवेगळे. गटात फिरणाऱ्या चित्रात बहुधा सगळा उत्तर कोकण लाल दिसतो आणि वाचणारा तो आपल्या गल्लीला लावून घेतो.

चित्रावरून आठवले, फिरणाऱ्या स्क्रीनशॉटपैकी कितीतरी शिळे असतात. खाते पुढच्या चार-पाच दिवसांचे इशारे रोज काढते आणि रोज बदलते. सोमवारी काढलेल्या तक्त्यात गुरुवार लाल असेल आणि बुधवारच्या तक्त्यात तो पिवळा झाला असेल, तर गुरुवारी ऊन पडल्यावर सोमवारचा तक्ता दाखवून हसणे अप्रामाणिक आहे. तक्त्यावर जारी केल्याची तारीख-वेळ असते. ती कापलेली असेल तर तो तक्ता पुढे पाठवू नका.

ज्याला खरोखर तपासायचे आहे त्याने एक पावसाळा वही ठेवावी. चार रकाने पुरतात: आदल्या दुपारी आपल्या जिल्ह्याला दिलेला इशारा, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला सांताक्रूझचा आकडा, कुलाब्याचा आकडा, आणि आपल्या विभागातल्या जवळच्या पर्जन्यमापकाचा. समजा मोसमात दहा दिवशी इशारा होता, त्यातल्या सहा दिवशी पाऊस त्या मर्यादेपर्यंत गेला, चार दिवशी गेला नाही, आणि आणखी दोन दिवशी इशारा नसताना गेला. तर आठ मोठ्या दिवसांपैकी सहा पकडले, आणि दहा इशाऱ्यांपैकी चार फुकट गेले. हे दोन्ही आकडे एकमेकांना बांधलेले आहेत. फुकट इशारे कमी करायला गेले की सुटलेले दिवस वाढतात. शाळा विनाकारण बंद ठेवल्याचा राग मोठा, की लोकल रुळांवर अडकल्याचा? खाते दुसऱ्याला जास्त घाबरते आणि ते योग्यच आहे.

घरी मापक ठेवायचा असेल तर तोही सोपा. खात्याच्या साध्या पर्जन्यमापकाचे तोंड २०० चौरस सेंटीमीटरचे असते. १६ सेंटीमीटर व्यासाचे नरसाळे घेतले की जवळपास तेवढेच होते, आणि मग कॅनमध्ये जमलेले दर २० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. कॅन पाच लिटरचा घ्यावा, त्यात २५० मिलिमीटर मावतो. दोन लिटरची बाटली १०० मिलिमीटरला भरते आणि जुलैत पहाटेच वाहू लागते. नरसाळ्याला उभी कड हवी, नाहीतर थेंब आपटून बाहेर उडतात. चुका होतात त्या जागेच्या निवडीत. कठड्याला टेकवून ठेवला तर वाऱ्याच्या भोवऱ्यात पाऊस वरून निघून जातो आणि आकडा कमी येतो. झाडाखाली किंवा पत्र्याच्या पागोळीजवळ ठेवला तर काहीही येते. अडथळ्याची जेवढी उंची, निदान त्याच्या दुप्पट अंतर ठेवावे. मुंबईतल्या इमारतींत हे जमणे कठीण, पण गच्चीच्या मधोमध ठेवला तरी कठड्यापेक्षा बरा. मोजायची वेळ सकाळी साडेआठ, रोज तीच. रात्री बाराला मोजून खात्याच्या आकड्याशी तुलना केली तर दोन्ही खोटे वाटतील.

‘त्यापेक्षा ॲप बरे, पंधरा दिवस आधी सांगते’

बहुतेक ॲपना स्वतःचे रडार नाही की मुंबईत स्वतःचा मापक नाही. ती अमेरिका किंवा युरोपातल्या जागतिक प्रारूपांचे, म्हणजे संगणकावर मांडलेल्या हवामानाच्या गणितांचे आकडे घेतात, तुमच्या जागेसाठी आजूबाजूच्या चौकटींवरून किंमत काढतात आणि वर ढगाचे चित्र डकवतात. ही प्रारूपे पृथ्वीचे चौकोनी तुकडे करून गणित करतात. तुकड्याची बाजू साधारण ९ ते १३ किलोमीटर. १२ किलोमीटर बाजू म्हणजे १४४ चौरस किलोमीटर, बृहन्मुंबई अशा तीन-चार चौकटींत संपते. अंधेरी पूर्व आणि पश्चिम यांचा वेगळा अंदाज ॲप दाखवत असेल तर ती आकडेमोडीची सजावट आहे. आपल्याकडचे ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सहा किलोमीटरच्या जाळीचे आहे. ते २६ मे २०२५ ला सुरू झाले, योगायोगाने त्याच दिवशी मोसमी पाऊस मुंबईत शिरला.

पंधराव्या दिवशी दुपारी तीन वाजता पाऊस, असे सांगणारे ॲप साधारण जुलैचा सरासरी स्वभावच सांगते. जुलैत सांताक्रूझला सरासरी साडेआठशे मिलिमीटरहून जास्त पडतो. रोज ढगाचे चित्र लावले तरी बहुतेक दिवशी बरोबर येईल, त्यात कौशल्य कसले? दोन ते चार आठवड्यांसाठी खाते दर गुरुवारी विस्तारित अंदाज काढते. तो आठवड्याच्या सरासरीवर बोलतो, दिवसावर नाही, आणि तेवढेच बोलण्यासारखे असते.

दिवस-दोन दिवसांसाठी जिल्ह्याचा अंदाज, आणि घरातून निघण्याआधी रडार. रडार पाहायची रीत अशी: कुलाबा किंवा वेरावलीच्या चित्रांची मागच्या तासाभराची हलती मालिका लावा. पश्चिमेला समुद्रावर पिवळ्या-लाल रंगाचा पट्टा दिसला तर तासाभरात तो किती सरकला ते पाहा. ४० किलोमीटरवर असेल आणि तासाला ३० ने येत असेल, तर सव्वा ते दीड तास. गणित फसते ते दोन कारणांनी. एक, किनाऱ्याजवळ येताच नवे ढग उभे राहतात किंवा जुने विरतात. दोन, रडारच्या अगदी डोक्यावरचा भाग त्याला नीट दिसत नाही, म्हणून कुलाब्याचे आकाश पाहायला वेरावली आणि वेरावलीचे पाहायला कुलाबा. तीन तासांपलीकडे या पद्धतीने काही सांगू नये.

‘४.८ मीटरची भरती, मुंबई बुडणार’

हा आकडा समुद्राच्या सरासरी पातळीच्या वरचा नसतो. तो नौकानयनाच्या नकाशांतल्या शून्यापासून मोजतात आणि ते शून्य ओहोटीच्याही जवळपास तळाला धरलेले असते. मुंबईत सरासरी समुद्रपातळी या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर येते. म्हणजे ४.८ मीटरची भरती सरासरीपेक्षा सव्वादोन मीटरच्या आसपास वर. महापालिका दर मोसमात साडेचार मीटरवरच्या भरत्यांचे दिवस जाहीर करते, ते काही शहर बुडण्याचे दिवस नव्हेत. कोरड्या दिवशी अशा भरतीने मरीन ड्राइव्हवर लाटा उडतात आणि फोटो निघतात, एवढेच.

अडचण होते ती भरती आणि पाऊस एका वेळी आले की. शहराचे पाणी समुद्रात सोडणारी १८६ मुखे आहेत. त्यातली ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली, १३५ तिच्या वर पण भरतीच्या पातळीखाली, आणि भरतीतही मोकळी राहणारी फक्त ६. भरतीच्या आधी-नंतरचे काही तास हे पाणी आपोआप उतरत नाही, उलट समुद्र आत येऊ नये म्हणून दारे बंद करावी लागतात. मग भरवसा पंपांवर: हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझधरबंध. जुन्या गटारांची क्षमता तासाला २५ मिलिमीटर पावसाची होती, सुधारित आराखडा ५० चा. २६ जुलैला सर्वांत जोरदार तास आणि सुमारे साडेचार मीटरची भरती दुपारी एकापाठोपाठ आली. तेव्हा भरतीचे वेळापत्रक पाहायचेच असेल तर रडारसोबत पाहा. ताशी पन्नासच्या वरचा पाऊस आणि पुढच्या दोन तासांत मोठी भरती असे जुळले, तर हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे टाळा.

‘१८८२ च्या चक्रीवादळात एक लाख मेले’

हे वादळ झालेच नाही. ६ जून १८८२ ही तारीख जगभरच्या याद्यांत फिरते, परदेशी संकेतस्थळांवरही सापडते, आणि प्रत्येकाने ती दुसऱ्याकडून उचललेली असते. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती. एक लाख मेले असते तर दर आठ माणसांत एक. अशा घटनेनंतर स्मशाने, गोदी, कापूस बाजार, न्यायालये सगळ्यांच्या दप्तरांत खुणा राहिल्या असत्या. कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासूनची, तिथे तेव्हा वायुभाराच्या नियमित नोंदी होत होत्या. या सगळ्यांत अभ्यासकांना त्या वादळाचा माग मिळालेला नाही.

पण यावरून ‘मुंबईला वादळ येतच नाही’ असे म्हणणारा दुसरा मेसेजही तितकाच चुकीचा. नोव्हेंबर १९४८ मध्ये चक्रीवादळाने शहराला तडाखा दिला होता. ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ अलिबाग-मुंबईच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आले. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ धडकले आणि रायगडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. मुंबई थोडक्यात वाचली. १७ मे २०२१ ला ‘तौक्ते’ मुंबईच्या किनाऱ्याला न टेकता समुद्रातून उत्तरेला गेले, तरी कुलाब्यात ताशी ११४ किलोमीटरचे झोत आणि सांताक्रूझला २३० मिलिमीटर पाऊस देऊन गेले. अरबी समुद्रातली वादळे मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. जुलै-ऑगस्टमध्ये खालचा आणि वरचा वारा इतक्या वेगळ्या दिशांनी वाहतो की वादळाचा खांब सहसा उभा राहत नाही. म्हणून ‘जुलैत महाचक्रीवादळ’ असा मेसेज आला तर तो न वाचताच पुसायला हरकत नाही. मे-जूनमधला मात्र नीट वाचा, कारण गेल्या दोन दशकांत अरबी समुद्र तापला आहे आणि तिथली वादळे वाढली आहेत.

‘मार्चमध्ये पूर्वी एवढी गरमी नव्हती’

सांताक्रूझचा मार्चमधला विक्रम ४१.७ अंशांचा आहे, २८ मार्च १९५६ चा. एप्रिलचा ४२.२, १४ एप्रिल १९५२ चा. किमान तापमानाचा विक्रमही जुनाच: २२ जानेवारी १९६२, ७.४ अंश. त्या दिवशी कुलाब्यात ११.७ होते.

मार्चमधली उडी ठरते ती समुद्रावरच्या वाऱ्याच्या वेळेवर. सकाळी वारा जमिनीवरून, पूर्वेकडून वाहतो. समुद्री वारा अकरा-बाराला सुरू झाला तर पारा ३३ च्या आसपास थांबतो. पूर्वेचा वारा जोरात असला आणि समुद्री वारा दुपारी दोन-अडीचपर्यंत अडला, तर त्याच शहरात ३८-४० होते. म्हणून मार्चमध्ये अंदाज वाचताना तापमानाआधी ‘पूर्वेकडील वारे’ हे शब्द शोधा. किनारी भागात उष्णतेची लाट म्हणायला कमाल तापमान किमान ३७ आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंश जास्त लागते. ३५ अंशांना दमटपणामुळे जीव गेला तरी ती लाट ठरत नाही. ही मात्र निकषाची खरी उणीव आहे, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही.

‘एवढा पाऊस, तरी पाणीकपात’

मुंबईला सात तलाव पाणी देतात, एकूण साठा सुमारे साडेचौदा लाख दशलक्ष लिटर. शहराच्या हद्दीत पडणारा पाऊस त्यातल्या दोनच तलावांत जातो, विहार आणि तुळशी, आणि दोन्ही मिळून साठ्याच्या अडीच टक्क्यांच्या आसपास आहेत. निम्मा साठा एकट्या भातसाचा, शहापूर तालुक्यातला. उरलेले तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा आणि ऊर्ध्व वैतरणा ठाणे, पालघर, नाशिकच्या डोंगरपट्ट्यात. पाणीकपातीचा अंदाज बांधायचा तर सांताक्रूझचा आकडा सोडा. शहापूर, मोखाडा, इगतपुरी आणि त्र्यंबकच्या घाटमाथ्यावरचा पाऊस पाहा.